मदत हवी आहे: मुलाखत न झालेल्या सभासदांचं जाळ्यात काय करायचं?

हडपसरमधल्या सहा बचत गटांत माहिती कशी फिरते, ते पाहतोय. एकूण ६४ सभासद. यादी समोर ठेवून एकच प्रश्न: "गेल्या महिन्यात कर्जाबद्दल किंवा सरकारी योजनेबद्दल तुम्ही कोणाकोणाला विचारलंत?" नावांना मर्यादा नाही. (चाचणीत पाचची ठेवली होती, तर जवळपास सगळ्यांनी मोजून पाच भरली!) उत्तरांवरून जाळं काढलंय: प्रत्येक सभासद एक बिंदू, बाण विचारणारीकडून सांगणारीकडे, बाणाचं वजन म्हणजे कितीदा विचारलं.

अडचण अशी की ९ जणींची मुलाखतच झाली नाही. त्यांच्याकडे बाण येतात, त्यांच्याकडून एकही निघत नाही. त्यातल्या एक गटाच्या सचिव आहेत. ११ जणींनी त्यांचं नाव घेतलंय आणि त्यांची मध्यस्थता (इतर दोघींमधल्या सर्वांत जवळच्या वाटेवर किती वेळा येतात ते) मात्र शून्य.

नऊही जणी वगळून पाहिलं, तर दोन गट मुख्य जाळ्यापासून तुटतात. आलेल्या बाणांचे उलटे बाण भरून पाहिले, पण विचारणं एकतर्फी असतं. मुलाखत झालेल्या जोड्यांतही परस्परता (बाणाला उलटा बाण असण्याचं प्रमाण) जेमतेम ०.२ आहे. म्हणून तेही पटत नाही.

आर या संगणकभाषेतलं आयग्राफ हे जाळी तपासायचं पॅकेज वापरतोय. ते वजनाला अंतर समजतं, म्हणून १ भागिले वजन केलंय. सारख्या नावांना सांकेतिक क्रमांक दिलेत, तेव्हा घोळ तिथला नाही. पुन्हा मुलाखती आता शक्य नाहीत. तो महिना कुणाला नीट आठवणार नाही.

मग मध्यस्थता सोडून फक्त येणारे बाण मोजावेत, की ईआरजीएमने (कोणता बाण असण्याची शक्यता किती, हे जाळ्याच्या रचनेवरून सांगणारं सांख्यिकी मॉडेल) गहाळ बाण अनेकदा भरून क्रमवारी किती हलते ते दाखवावं? ६४ पैकी ९ गहाळ असताना ईआरजीएम तग धरतं का?