नेट नसलं तरी अडत नाही

नेपाळच्या डोंगरातल्या शाळेत इंटरनेट नसेल तर संगणक शिकवायला जाण्यात अर्थ नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. म्याग्दी जिल्ह्यातलं नांगी गाव बघा. त्याच गावचे शिक्षक महाबीर पुन यांनी तिथल्या शाळेत देणगीत आलेले सुटे भाग लाकडी खोक्यांत बसवून संगणक उभे केले, वीज ओढ्यावरच्या छोट्या जनित्रांची. वायरलेस जोडणी त्यानंतरची. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या वायरलेस जोडणीच्या कामासाठी, पण शाळेतले संगणक त्याआधीच सुरू झाले होते.

मी शिकवायचो त्या शाळेतही नेट असून नसल्यासारखंच होतं. ओएलई नेपाळ या संस्थेचं ई-पुस्तकालय (संगणकावरचं वाचनालय) शाळेतल्याच सर्व्हरवर चालतं, बाहेरची जोडणी लागत नाही, आणि त्यातलं बरंचसं नेपाळीत, म्हणजे देवनागरीत. त्यामुळे आपल्याला मेनू वाचायला तरी अडचण नाही! खरी अडचण वेगळीच. माऊस एकाच्या हातात आणि मागून तिघांची बोटं स्क्रीनवर, त्यात धीट पोरगा जागा सोडत नाही. मुलींचा नंबर मुद्दाम आधी लावावा लागला. पावसाळ्यात आठवडाभर ढग राहिले की सौर बॅटरी चढत नाही, तेव्हा कागदावर कीबोर्ड काढून सराव.

आणि तिथे शिकवायला जाणाऱ्यांसाठी व्हिसाबद्दल: भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ ठेवा, आधारवर विसंबू नका. जमलं तर शाळा सुटल्यावर तिथल्या शिक्षकांनाही तासभर बसवा, पोरांसमोर ते विचारायला लाजतात.