जन्मजात व्यंगाला गरीब-श्रीमंत कळत नाही?

मृद्गंध
‘जन्मजात व्यंग हा दैवाचा भाग आहे, त्याला गरीब-श्रीमंत कळत नाही, आईने काळजी घेतली की पुरे,’ असे काल येथे एका सदस्याने लिहिले. ते वाचून राहवले नाही. गंभीर व्यंग असलेल्या दर दहा बालकांपैकी नऊ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटावी म्हणून लागणारे फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व त्याआधीच शरीरात असावे लागते, आणि तेव्हा तर दिवस राहिल्याची शंकाही पुष्कळदा आलेली नसते. दिवस कधी राहावेत हेच जिच्या हातात नाही, तिने काळजी घ्यायची ती कधी?

खडक
ते वाक्य माझे होते. जगातील बहुसंख्य बाळे त्याच देशांत जन्मतात, तेव्हा दहातील नऊ या आकड्याने काहीही सिद्ध होत नाही. डाउन सिंड्रोम या गुणसूत्रांच्या दोषातून येणाऱ्या व्यंगाचा धोका आईच्या वयाबरोबर वाढतो, आणि उशिरा मूल होऊ देणाऱ्यांत सुस्थितीतील स्त्रियाच अधिक असतात. माझ्या बहिणीला कशाची ददात नव्हती, गोळ्याही तिने आधीपासून घेतल्या होत्या, तरी मुलाच्या हृदयाला छिद्र निघाले. तिच्यासमोर मांडा तुमचा सिद्धान्त.

मृद्गंध
आकड्यावरचा आक्षेप मनाविरुद्ध मान्य करते. परंतु ब्रिटनसारख्या एकाच देशातील वस्त्यांची तुलना केली, तरी गुणसूत्रांशी संबंध नसलेली व्यंगे गरीब वस्त्यांत अधिक आढळली आहेत. आणि तुमच्या बहिणीला कोणी ‘तूच काळजी घेतली नाहीस’ म्हणाले, तर तुम्हाला चालेल का? तुमच्या वाक्याचा अर्थ तोच होतो.

निवृत्त परिचारिका
प्रसूतिकक्षात हयात गेली. ‘तू काय खाल्लेस?’ हाच आईला पहिला प्रश्न असायचा. ‘मी रसायनांच्या कारखान्यात कामाला होते, म्हणून झाले का?’ असे एकीने मला हळूच विचारले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. गोळ्या वाटून हे सुटणार नाही, फॉलिक ॲसिड पिठातच मिसळले पाहिजे. अमेरिकेत १९९८ पासून आणि चिलीत २००० पासून ते सक्तीचे आहे, आणि दोन्हीकडे मेंदू-मणक्याची व्यंगे घटली.

पाणवठा
सक्ती कशासाठी? माझ्या आईची बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता वर्षभर कोणाच्या लक्षात आली नाही, कारण फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेले दिसत होते आणि नसा मात्र खराब होत होत्या. सर्वांच्या अन्नात औषध कालवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

निवृत्त परिचारिका
आवाज चढवू नका. त्या गोळ्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, पिठातून मिळणारी मायक्रोग्रॅममध्ये. तुमच्या आईच्या बाबतीत निदान चुकले, त्याची शिक्षा न जन्मलेल्या बाळांना का? बी १२ ही सोबत मिसळावे, एवढे मात्र मानते.

पाणवठा
तेवढे केले, तर माझा विरोध निम्मा उरेल. निम्मा उरेलच.

खडक
पिठाचे तुम्ही पाहा. बहिणीविषयीचा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. घरच्यांनी तिला नेमके हेच ऐकवले होते आणि तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो होतो. ‘आईने काळजी घेतली की पुरे’ हे शब्द मागे घेतो. दैवाविषयीचे माझे मत बदललेले नाही.