मेंढ्यांचा वाडा रोज हलतो

कुणीतरी विचारलंय, मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरं रात्री ठेवायची जागा, गुरांच्या गोठ्यासारखाच पक्का ना? अजिबात नाही. आमचं गाव माळशेजच्या माथ्यावर, जुन्नर तालुक्यात. दिवाळी सरली की पारनेरच्या ढवळपुरीकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परततात. ओल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात, म्हणून पावसाळ्यात कोरडा मुलूखच बरा.

दिवस कलला की घोड्यांवरचं बिऱ्हाड उतरतं. मेखा ठोकून त्यांना वाघर, म्हणजे सुताची जाळी, ताणली की झाला वाडा. नुकती जन्मलेली कोकरं डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली. मेंढी आली की नेमकं तिचंच कोकरू बाई उचलून तिच्यापुढे धरते. शंभरात एक कोकरू ओळखायचं! मला लहानपणापासून याचं नवल वाटत आलंय. वाघरीची जागा रोज थोडी सरकवायची, म्हणजे लेंडी-मूत शेतभर सारखं पडतं. शेतकरी त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो. माझे आजोबा मेंढरं बसवलेल्या रानात दुसरं खत घालायचे नाहीत.

पण ही जाळी कोल्हा-लांडग्याला थोडीफार अडवते, पावसाला नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने जुन्नर, आंबेगाव, पारनेर भागात शेकडो मेंढ्या दगावल्या. आमच्या बांधाला कडक झालेली कोकरं ओळीने ठेवलेली मी पाहिलीत. घाटवाटेवरच्या गावांनी गायरानात निदान एकेक पत्र्याची शेड या लोकांसाठी उभारावी. आमच्या ग्रामसभेत मी हे मांडलंय, पुन्हा मांडणार आहे.