घर बंद असताना हीटिंग दुरून कसे सांभाळावे? (पाइप गोठण्याची भीती)

नमस्कार. ऐन हिवाळ्यात आमचे घर काही आठवडे बंद राहणार आहे आणि त्या काळात बाहेरचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. घरात गॅसच्या बॉयलरवर चालणारे रेडिएटर (गरम पाण्याने खोली उबदार ठेवणारे) आहेत आणि भिंतीवर जुना, दोनच तारांचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटिंग चालू-बंद करणारे उपकरण) आहे. त्याच्या जागी मोबाईलवरून चालवता येणारा वाय-फाय थर्मोस्टॅट बसवायचा विचार आहे. परंतु अशा बऱ्याच थर्मोस्टॅटना अखंड विजेसाठी आणखी एक, म्हणजे ‘सी’ तार लागते आणि ती आमच्याकडे नाही. नवी तार ओढून घ्यावी, की बॅटरीवरचा थर्मोस्टॅट घेऊन त्याचा रिसीव्हर (थर्मोस्टॅटचा बिनतारी संदेश घेऊन बॉयलर चालू-बंद करणारा भाग) बॉयलरपाशी बसवावा?

इंटरनेट गेले तरी ठरवून दिलेल्या तापमानावर थर्मोस्टॅट आपले काम करत राहतो, एवढे मला ठाऊक आहे. वीज गेली तर मात्र बॉयलरचा पंप आणि प्रज्वलन दोन्ही थांबतात, राउटरही बंद पडतो, आणि मोबाईलवर नुसते ‘ऑफलाइन’ दिसते. त्यावरून घर गार पडले आहे की केवळ नेट गेले आहे, हे कळणार कसे? शिवाय बॉयलर एकदा लॉकआउटमध्ये गेला, म्हणजे बिघाड जाणवून स्वतःच बंद झाला, तर बहुधा तिथे जाऊनच रीसेटचे बटण दाबावे लागते. म्हणून शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवणार आहे, पण त्यांना वेळेत कळवण्यासाठी सिम कार्ड आणि बॅटरीवर चालणारा, तापमान घसरताच संदेश पाठवणारा स्वतंत्र सेन्सर कुणी वापरला आहे का?

तापमान १२-१३ अंशांखाली नेऊ नये, असा सल्ला सर्रास मिळतो. आमचा थर्मोस्टॅट मधल्या पॅसेजमध्ये आहे आणि स्वयंपाकघरातील सिंकचा पाइप बाहेरच्या भिंतीला लागून, बंद कपाटात आहे. पॅसेजमध्ये १३ अंश असताना त्या कपाटात किती असेल, याचा भरवसा वाटत नाही. कपाटाची दारे उघडी ठेवून सेन्सर तिथेच ठेवावा, असे सध्या मनात आहे.

पाण्याचा मुख्य कॉक बंद करून नळ रिकामे करणे मला सर्वांत खात्रीचे वाटते, कारण मग पाइप तडकला तरी घरात पाणी साचणार नाही. तथापि रेडिएटरमधील पाणी वेगळ्या, बंदिस्त वळणात फिरते, त्यामुळे हीटिंग चालू ठेवावेच लागेल. अशा वेळी मुख्य कॉक बंद असल्याने त्या वळणात नवे पाणी भरता येत नसताना त्यातील दाब उतरला, तर बॉयलर थांबेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.