अंगठ्यांवरच्या विक्षिप्त थिअऱ्या: वाचनगटासाठी एकच हवी आहे, सुचवा

पानखूण
आमच्या वाचनगटाचं टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महिन्यात वाचून होतंय. शेवटच्या बैठकीत अंगठ्यांवरची चाहत्यांची एखादी थिअरी घेऊन चर्चा करायची आहे. अटी अशा:
वेळ ४० मिनिटं. थिअरी एकच. पुरावा फक्त कादंबरीतला आणि तिच्या परिशिष्टांतला. सिल्मरिलियन (त्याच जगाच्या प्राचीन कथांचं पुस्तक) किंवा टॉल्किनची पत्रं गटात कोणी वाचलेली नाहीत, आणि बैठकीपुरती वाचा असं मी सांगणार नाही.
थिअरी जितकी विक्षिप्त तितकी चांगली, पण पुस्तक उघडून तपासता आली पाहिजे. (नवख्यांसाठी: खलनायक सॉरॉनची 'एक' अंगठी बाकीच्यांवर हुकूम चालवते. त्या बाकीच्या अशा: एल्फांच्या तीन, ड्वार्फांच्या सात, माणसांच्या नऊ. ती नऊ माणसं म्हणजे सॉरॉनचे गुलाम नाझगुल. ती 'एक' अंगठी आगीत नष्ट करायला फ्रोडो निघतो.) माझी यादी: बॉम्बाडिल (जंगलाकडेचा गाणारा अवलिया) हाच विच-किंग (नाझगुलांचा म्होरक्या), गॉलमला (अंगठीच्या मोहाने बिघडलेला तिचा जुना मालक) आगीत अंगठीनेच ढकललं, फितूर जादूगार सारुमानची स्वतःची अंगठी खरंच चालत होती, ड्वार्फांच्या सातांपैकी चार अंगठ्या ड्रॅगनांच्या पोटात गेल्या आणि त्यांचा परिणाम पुढे उरला. कोणती घेऊ?

वळचण
दुसरी. डोळे मिटून घ्या. तीन उतारे लागतात आणि तिन्ही तुमच्या अटीत बसतात.
पुस्तक ४ (म्हणजे कादंबरीच्या सहा भागांपैकी चौथा), प्रकरण १: गॉलमला अंगठीवर हात ठेवून शपथ घ्यायची असते. फ्रोडो हात लावू देत नाही, फक्त तिच्या नावाने घ्यायला लावतो आणि वर बजावतो की ही तुझ्यापेक्षा दगलबाज आहे, तुझेच शब्द पिरगाळेल.
पुस्तक ४, प्रकरण ३: फ्रोडो सांगतो की वेळ आली तर मी ती घालेन, आणि मग कड्यावरून उडी मार किंवा आगीत पड असा हुकूम दिला तरी तुला तो मानावा लागेल.
पुस्तक ६, प्रकरण ३: अंगठी जिथे नष्ट करायची त्या आगीच्या डोंगराच्या उतारावर गॉलम झडप घालतो. फ्रोडोचा सोबती सॅम याला पांढऱ्या वस्त्रातली आकृती दिसते, तिच्या छातीशी आगीचं चक्र. त्या आगीतून आवाज येतो की पुन्हा मला शिवलास तर तूच आगीत फेकला जाशील. त्यानंतर थोड्याच वेळात तो शिवतो, बोट तोडतो आणि पडतो.
'आगीतून आवाज येतो' इथे थांबा आणि विचारा: बोलतंय कोण, फ्रोडो की अंगठी? ४० मिनिटं या एका प्रश्नावर निघतात. आणि आधीच सांगून ठेवा की सिनेमातली, बोट तोडल्यानंतरची कड्यावरची झटापट पुस्तकात नाही. पुस्तकात गॉलम नाचता नाचता पाऊल चुकून पडतो. हे सांगितलं नाही तर निम्मा वेळ सिनेमावर जातो.

निंबोणी
+१. शपथेचा उतारा, आगीत पडण्याची धमकी आणि डोंगरावरचा आवाज, हे तीन एकापाठोपाठ मोठ्याने वाचा. वेगळं काही करायची गरज नाही.

शेवटचा_थांबा
तीन उतारे ठीक आहेत, पण पत्रांशिवाय ही चर्चा लंगडी आहे. पत्र क्रमांक १९२ (१९५६) मध्ये टॉल्किन सांगतो की फ्रोडोची ताकद संपली तिथे दुसऱ्याच शक्तीने सूत्रं हाती घेतली, म्हणजे कथेच्या लेखकाने, आणि तो लेखक म्हणजे आपण स्वतः नव्हे. २४६ (१९६३) मध्ये फ्रोडो अंगठी ठेवून बसला असता तर काय झालं असतं ते सविस्तर आहे. ही दोन पत्रं छापून वाटा.

वळचण
@शेवटचा_थांबा, पत्रं नकोत असं धाग्यातच लिहिलंय. शिवाय १९२ ने थिअरी पडत नाही. दैव काम करतं ते कोणाच्या तरी शब्दांतूनच, आणि इथे ते शब्द उतारावर उच्चारलेले आहेत.

काजवा
बॉम्बाडिलवाली घ्या. सर्वात विक्षिप्त तीच आहे आणि लोक हिरिरीने भांडतात. दोघंही कुठेच एकत्र दिसत नाहीत. अंगठी बोटात घालूनही बॉम्बाडिल अदृश्य होत नाही, आणि फ्रोडोने घातली तरी त्याला तो दिसतो (पुस्तक १, प्रकरण ७). अंगठी घातलेला माणूस दिसणं ही तर नाझगुलांची खूण.

उंबरठा
@काजवा, त्याच प्रकरणात ती पडते. बॉम्बाडिल अंगठी करंगळीच्या टोकावर चढवतो, हवेत फिरवून गायब करतो, परत आणतो आणि हसत हसत फ्रोडोच्या हातात देतो. सॉरॉनचा पहिला गुलाम ती परत देईल? काळे घोडेस्वार (म्हणजे नाझगुलच) फ्रोडोच्या शायरभर फिरत आहेत ते एवढ्या एका वस्तूसाठी. थिअरी पाच मिनिटांत संपली, उरलेल्या पस्तीस मिनिटांचं काय करणार? शिवाय बॉम्बाडिलवरची कविता १९३४ मध्येच छापली होती, 'हॉबिट' ही टॉल्किनची आधीची कादंबरी येण्याच्या तीन वर्षं आधी. तो या अंगठ्यांच्या व्यवस्थेत जन्मलेलाच नाही, म्हणून तिच्यावर तो हसू शकतो.

काजवा
छापण्याची तारीख हा कथेच्या आतला पुरावा नव्हे.

उंबरठा
मान्य. मग करंगळीवाला पुरे.

गवाक्ष
यादीत नसलेली एक सांगतो, कारण ती यादीतल्या चारींपेक्षा भक्कम आहे: एल्फांच्या लोथलॉरिएन वनात वेळ संथ होतो तो नेन्यामुळे, म्हणजे तिथल्या स्वामिनी गलाड्रिएलच्या अंगठीमुळे. परिशिष्ट ब मध्ये फ्रोडोची मंडळी १७ जानेवारीला तिथल्या कारास गलाधोन नगराला पोहोचतात आणि १६ फेब्रुवारीला निघतात, म्हणजे महिनाभर. पण पुस्तक २, प्रकरण ९ मध्ये नदीवर सॅम चंद्रकोर बघतो आणि त्याचा हिशेबच लागत नाही. तिथे आपण फार तर काही रात्री होतो असं त्याला वाटतं. मग लेगोलास, फ्रोडो, अॅरागॉर्न प्रत्येक जण वेगळं स्पष्टीकरण देतो. फ्रोडो बोलता बोलता गलाड्रिएलच्या अंगठीचं नाव घेतो आणि अॅरागॉर्न त्याला तिथेच अडवतो. पात्रंच थिअरी लढवत आहेत, तुम्हाला फक्त बाजू वाटून द्यायच्या.

निंबोणी
नेन्याची छान आहे, पण तिला विक्षिप्त कसं म्हणायचं? पुस्तकच जवळजवळ कबूल करतं.

दगडी_जिना
सारुमान. पुस्तक २, प्रकरण २ मध्ये जादूगार गॅन्डाल्फ सांगतो की सारुमानच्या बोटात अंगठी होती, आणि सारुमान स्वतःला अंगठ्या घडवणारा म्हणवून घेतो. पुढे त्याची कांडी मोडते, पण अंगठीचं नाव कोणी काढत नाही. ती गेली कुठे? त्याच्या ऑर्थँक मनोऱ्याच्या पायरीवरून लोकांना वळवणारा आवाज तिचाच असेल तर?

उंबरठा
मग आवाज कांडीबरोबर जायला नको. कांडी मोडल्यावरही एन्टांच्या (चालत्या-बोलत्या वृक्षरक्षकांच्या) पहाऱ्यातून तो सुटला तो त्यांच्या म्होरक्याचं, ट्रीबियर्डचं मन वळवूनच. हे तुमच्याच बाजूचं आहे. पण अंगठीचा उल्लेख फक्त एका प्रकरणात, तोही दोनदा. गटातले लोक तो वाचतील आणि गप्प बसतील.

झुंबर
मुद्दा बाजूला जातोय तरी लिहितो: नऊ अंगठ्या नाझगुलांच्या बोटात नव्हत्या, सॉरॉनकडे होत्या. सगळी चित्रं चुकीची आहेत.

गवाक्ष
@झुंबर, पुस्तक २, प्रकरण २: गॅन्डाल्फ म्हणतो की नऊ नाझगुलांकडेच आहेत.

झुंबर
पुस्तक १, प्रकरण २: तोच गॅन्डाल्फ म्हणतो की नऊ सॉरॉनने स्वतःकडे गोळा केल्यात. पुस्तक २, प्रकरण ७: सात आणि नऊ ज्याच्या ताब्यात आहेत त्याचा डोळा, असं गलाड्रिएल म्हणते. दोन विरुद्ध एक. विच-किंग मरतो तेव्हा रिकामा झगा आणि मुकुट उरतो, अंगठी नाही.

शेवटचा_थांबा
पत्र २४६ मध्येही त्या सॉरॉनकडेच आहेत. पत्रं वाचली की असे वाद मिटतात.

आम्रपाली
नदीत अंगठी सापडण्याबद्दल कोणीच का लिहीत नाही? शाकुंतलात शचीतीर्थात पडलेली मुद्रिका माशाच्या पोटातून निघते, कोळ्याला चोर समजून धरतात, आणि अंगठी बघताच राजाला सगळं आठवतं. इथे गॉलमचा मित्र देगोल याला मोठा मासा ओढून पाण्यात नेतो, पण अंगठी त्याच्या हाती लागते ती नदीच्या तळाच्या गाळातून. तिकडे अंगठी स्मृती परत देते, इकडे माणसाला स्वतःचंच नाव विसरायला लावते. मराठी गटाला हा धागा हमखास भिडेल.

पानखूण
@आम्रपाली, फार सुंदर आहे, पण ही तुलना झाली, थिअरी नाही. वेगळी बैठक घेऊ.

हातकंदील
'रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेपासून सावध राहा. २०२२ च्या पहिल्या पर्वात एल्फांच्या तीन अंगठ्या सर्वांत आधी घडतात. परिशिष्ट ब मध्ये दुसऱ्या युगात १५०० च्या सुमारास काम सुरू होतं, १५९० च्या सुमारास तीन पूर्ण होतात आणि १६०० च्या सुमारास सॉरॉन आपली एक घडवतो. कोणतीही थिअरी घ्या, हे तीन आकडे फळ्यावर आधी लिहा. ड्रॅगनवाली मात्र घेऊ नका. तिला एकाच वाक्याचा आधार आहे.

वळचण
सहमत. ड्रॅगनवाली सोडून काहीही. पुस्तक १, प्रकरण २ मधलं ते एक वाक्य सोडलं तर मजकुरात काही नाही.

काजवा
आणि कोणी तरी 'हॉबिट'मधल्या स्मॉग ड्रॅगनचं नाव काढेल, मग सगळंच फिसकटेल. ड्रॅगन नको.

पानखूण
सगळ्यांचे मनापासून आभार. नेन्या आणि गॉलमचे उतारे मी वहीत उतरवून घेतलेत. पण घेणार ड्रॅगनच.
कारण गॉलमच्या तीन उताऱ्यांत उत्तर जवळजवळ दिलेलं आहे, गट फक्त मान डोलावेल. ड्रॅगनचं उत्तर चार ठिकाणी विखुरलंय आणि कोणालाच पूर्ण माहीत नाही. आधार एका वाक्याचा नाही, असा आहे:
पुस्तक १, प्रकरण २ मधली दोन वाक्यं. सातांपैकी तीन सॉरॉनने परत मिळवल्या, बाकीच्या ड्रॅगनांनी संपवल्या. आणि थोडं पुढे, ड्रॅगनच्या आगीने अशा अंगठ्या वितळत असं म्हणतात, पण सॉरॉनची 'एक' अंगठी अँकालागॉन या प्राचीन महाड्रॅगनलाही वितळवता आली नसती.
पुस्तक २, प्रकरण २. मोर्डोरचा, म्हणजे सॉरॉनच्या देशाचा दूत ड्वार्फांना त्यांच्याच पूर्वीच्या तीन अंगठ्या परत देऊ करतो, असं ड्वार्फ ग्लोइन सांगतो. म्हणजे तिनाचा आकडा दोन ठिकाणी जुळतो.
परिशिष्ट अ. ड्वार्फ अंगठीने गुलाम होत नाहीत, फक्त सोन्याची हाव पेटते. आणि ड्वार्फांचा राजा थ्रोर म्हणतो की सोनं वाढवायला आधी सोनं लागतं.
आता थिअरी अशी मांडणार: अंगठी हाव वाढवते, हाव सोनं जमवते, सोनं ड्रॅगनला बोलावतं. सॉरॉनने ड्वार्फांना दिलेली खरी भेट म्हणजे ड्रॅगन. गिळलेल्या अंगठ्यांची शक्ती ड्रॅगनात उतरली की आगीत विरली, हा वादाचा भाग.
@काजवा, स्मॉगचं उत्तर तयार आहे. तो थ्रोरच्या राजधानीवर, एरेबोरवर येतो तिसऱ्या युगात २७७० मध्ये. थ्रोर चोरवाटेने निसटतो आणि २७९० मध्ये अंगठी मुलाला, थ्राइनला देतो. थ्राइनकडून ती २८४५ मध्ये सॉरॉनच्या डोल गुल्दुर किल्ल्याच्या कोठडीत काढून घेतली जाते. स्मॉगने अंगठी गिळलेली नाही.

उंबरठा
घेणारच असाल तर एक खाच आधी बुजवा. परिशिष्ट अ मध्ये २५८९ मध्ये ड्वार्फांचा राजा पहिला दाइन आणि त्याचा मुलगा फ्रोर यांना मारणारा ड्रॅगन शीत जातीचा आहे, तो आग ओकत नाही. कोणीतरी विचारेलच की आग नसलेला ड्रॅगन अंगठी संपवणार कशी. उत्तर: ती अंगठी ड्युरिनच्या (म्हणजे थ्रोरच्याच) वंशाची, आणि तीही वाचलेल्यांबरोबर निघून गेली. संपलेल्या चार बाकीच्या घराण्यांच्या, आणि त्यांचा इतिहास परिशिष्टात दिलेलाच नाही. हे स्पष्ट मांडा, नाहीतर चर्चा तिथेच अडकेल.

वळचण
माझं मत तेच आहे, पण एक पुरावा तुमच्या बाजूने देतो. परिशिष्ट अ, एओर्लच्या वंशाचा (माणसांच्या एका राजघराण्याचा) भाग. त्या घराण्याचा पूर्वज फ्राम स्काथा नावाच्या ड्रॅगनला मारतो. ड्वार्फ त्या खजिन्यावर हक्क सांगतात. फ्राम खजिना देत नाही, स्काथाच्या दातांची माळ करून पाठवतो. काही म्हणतात, त्या अपमानासाठी ड्वार्फांनी त्याला मारलं. पुस्तक ६, प्रकरण ६ मध्ये त्याच घराण्यातली एओविन हॉबिट मेरीला जे शिंग देते ते याच खजिन्यातलं, ड्वार्फांनी घडवलेलं. एवढं वैर फक्त सोन्यासाठी होतं की त्या ढिगात त्यांना आणखी काही शोधायचं होतं, हे गटाला विचारा.

पानखूण
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ५ मिनिटं हातकंदील यांचे आकडे, १५ मिनिटं चार उतारे, उरलेली २० मिनिटं फ्राम आणि दातांची माळ. परिशिष्टाची ती दोन पानं झेरॉक्स करून सगळ्यांना आधीच देते.