आदर्की स्टेशनला डोंगरातून पायी जायचं आहे, वाटेत मुक्काम कुठे करावा?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. पुणे-मिरज मार्गावर वाठार आणि सालपे यांच्या मध्ये आदर्की नावाचं छोटं स्टेशन आहे. सांगलीहून पुण्याला जाताना वाठार सोडलं की गाडी वळणं घेत डोंगर उतरायला लागते आणि हे स्टेशन खिडकीतून झरकन मागे जातं. एक्स्प्रेस तिथे थांबत नाही. माझ्या आजीचं माहेर त्या डोंगराच्या पायथ्याला. मीटरगेजच्या काळात ती मिरजेहून गाडीने यायची, आदर्कीला उतरायची आणि धाकट्या भावाच्या हातातल्या कंदिलामागे अंधारात चालत घर गाठायची. हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ते स्टेशन न उतरताच ओळखीचं झालंय. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. आता एकदा तिथे पायी पोचायचं आहे.

माझा विचार असा आहे. फलटणहून एसटीने तथवडे, संतोषगड बघायचा, मग महादेव डोंगररांगेच्या कडेकडेने पश्चिमेला चालत आदर्की आणि तिथून पॅसेंजरने परत सांगली. नकाशावर बोट फिरवलं तर वीस-पंचवीस किलोमीटर वाटतात. सोबत एकोणीस वर्षांचा भाचा असेल. दोघांचा एक तंबू आहे. जानेवारीत जायचं आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रात्री उघड्यावर तंबू कुठे लावता येईल? वाटेत पाणी मिळतं का? आणि डोंगरात वाट चुकली तर खाली उतरून रुळांच्या कडेने स्टेशन गाठलं तर चालेल का? ते सगळ्यात सोपं वाटतंय.

फलटणचा मास्तर

संतोषगडापुरतं सांगतो, दरवर्षी मुलांना घेऊन जातो. तथवडे गावातून गड फार लांब नाही, सावकाश चढलात तरी तासाभरात वर. बालेकिल्ल्यावर कातळात खोदलेलं मोठं टाकं आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा भाच्याला पुढे पळू देऊ नका. ते पाणी गाळून, उकळूनच प्या. मी तर मुलांना गावातूनच बाटल्या भरून घ्यायला लावतो.

फलटणच्या बाजूला पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर याच जिल्ह्यात आहे म्हणून पाण्याचा तसा हिशेब धरू नका. हा भाग पर्जन्यछायेचा. जानेवारीत बहुतेक ओढे कोरडे असतात. माणशी चार लिटर घेऊनच निघा. वाडी लागली की रिकामी बाटली भरून घ्यायची, पुढे मिळेल म्हणून थांबायचं नाही.

संक्रांतीचा दिवस टाळा. कुळकजाईजवळ सीतामाईच्या डोंगरावर त्या दिवशी बायकांची मोठी यात्रा असते, इकडच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. यात्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, ती बघण्यासारखी आहे. माणगंगेचा उगम तिथलाच.

जुना कीमन (कोरेगाव)

ताई, तुमचा तिसरा प्रश्न वाचला आणि हातातला चहा खाली ठेवला. आधी त्याचंच उत्तर देतो. रुळांच्या कडेने चालायचं नाही. वाट चुकलात, अंधार पडला, पाय मुरगळला, तरी नाही.

मी या घाटात गँगमन म्हणून लागलो आणि कीमन म्हणून निवृत्त झालो. रोज खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन माझ्या वाटणीचा रूळ पायी तपासायचा, रूळ घट्ट धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ती ठोकायची, हेच काम. त्या घाटातलं प्रत्येक वळण मला पायाने माहीत आहे, म्हणून सांगतो.

पूर्वी इथे एकच लाइन होती. डिझेलचं इंजिन घाट चढायला लागलं की त्याची धाप दोन डोंगर पलीकडून ऐकू यायची. आता विजेची इंजिनं आहेत आणि दुहेरीकरणामुळे गाडी कुठल्या रुळावर कुठल्या बाजूने येईल याचा गावच्या माणसालाही अंदाज राहत नाही. त्यात उताराला लागलेल्या गाडीचा आवाज कमी, वारा उलटा असेल तर तेवढाही येत नाही. कटिंगमध्ये दोन्ही बाजूंना दरड, अंग चोरायला जागा नसते. बोगद्याचं तर नावच काढू नका. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तिला हात लागावा लागत नाही, तंबूची काठी नुसती जवळ गेली तरी माणूस जातो. आणि रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 प्रमाणे रुळांवर विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

एक प्रसंग सांगतो. थंडीत रूळ आकसतो आणि वेल्डिंगला तडा जाऊ शकतो, म्हणून हिवाळ्यात रात्री आणि पहाटे खास गस्त असते. एका पौषात मी पहाटे तीनच्या सुमारास कंदील, फटाके घेऊन चाललो होतो. फटाके म्हणजे रुळावर लावायचे ते, गाडीचं चाक गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. कटिंगच्या तोंडाशी मला निळं काहीतरी दिसलं. प्लास्टिक उडून आलं असेल म्हणून जवळ गेलो तर तंबू. आत दोन पोरं गाढ झोपलेली. रुळापासून चार हातांवर. वारा लागत नाही म्हणून ती तिथे आली होती. मी त्यांना उठवून वर चढवलं आणि वीस मिनिटांत मालगाडी गेली. त्यातला एक पोरगा मालगाडी जाईपर्यंत माझा हात धरून उभा होता. तुमच्या भाच्याएवढाच. तो तंबू मला अजून दिसतो.

आता मुक्कामाचं. डोंगराच्या माथ्यावर जानेवारीत वारा फार. तंबू उडाला नाही तरी रात्रभर फडफडतो, झोप नाही लागत. माथ्यावरून थोडं खाली, वाऱ्याच्या आड, सपाट माळ बघा. ओढ्याच्या पात्रात नको, कपारीखाली नको. दगड रचून चूल मांडायच्या भानगडीत पडू नका. दगडाखाली फुरसं असतं, वीतभर दिसतं पण चावलं तर जिवावर बेतेल. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत. चुकून साप चावलाच तर 108 ला फोन करा आणि फलटणचं सरकारी रुग्णालय गाठा. बांधाबांधी, कापाकापी, मांत्रिक काही नको.

अंधार पडायच्या आत मुक्काम ठरवायचा आणि उजाडल्यावरच पुढे निघायचं. स्टेशनला दिवसाच पोचा. आदर्कीला फक्त पॅसेंजर थांबतात आणि त्यांच्या वेळा बदलत असतात, तेव्हा आदल्या दिवशी 139 वर विचारून घ्या. स्टेशन मास्तरांना कुठून आलात, किती जण आहात ते आपणहून सांगा. पाठीवर ओझं घेतलेली अनोळखी माणसं डोंगरातून उतरली की त्यांनाही काळजी वाटते. गाडी चुकली तर फलाटावर तंबू लावू नका. आदर्की फाट्यावर फलटण-सातारा रस्ता आहे, तिथे एसटी मिळते. त्याच रस्त्याने पुढे वाठार, तिथे तुम्हाला जास्त गाड्या मिळतील.

गवताचं रान

मी आदर्कीच्या शिवारातला शेतकरी. कीमनकाकांनी सगळं नीट सांगितलंय, माझं एकच सांगणं आहे.

बाहेरच्या माणसाला आमचा माळ रिकामा दिसतो. तो रिकामा नाही. काही गायरान आहे, काही वनखात्याचं, काही आमच्या मालकीचं गवताचं रान. मालकीच्या रानातलं गवत दिवाळीनंतर कापून गंजी लावतो, तीच उन्हाळ्यात जनावरांची वैरण. जानेवारीत अर्धं कापलेलं असतं, अर्धं उभं. उभं गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरे.

तीन वर्षांपूर्वी माझं रान जळालं. कुणी मुक्कामाला आलं होतं, शेकोटी केली, सकाळी वर माती टाकली आणि गेले. आतला निखारा दुपारच्या वाऱ्याने उठला. गावातली वीस-पंचवीस माणसं निरगुडीचे फाटे घेऊन धावली तेव्हा कुठे वनखात्याच्या जाळरेषेला, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याला, वणवा थांबला. तीन एकर गवत गेलं. त्या वर्षी मी दोन म्हशी विकल्या. त्यातली एक गाभण होती. आईने तिला वाढवलेली, विकली त्या दिवशी आई जेवली नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, शेकोटी करू नका. चहासाठी गॅसची शेगडी आणली तरी ती कातळावर ठेवा, गवतात नाही. वनखात्याच्या हद्दीत मुक्काम करायचा तर वनरक्षकाला आधी विचारा, त्याची परवानगी लागते. मालकीचं रान असेल तर जवळच्या वस्तीवर जाऊन विचारा. कुणी नाही म्हणत नाही. उलट गंजीच्या आडोशाला जागा देतील आणि भाकरी खाल्ल्याशिवाय झोपू देणार नाहीत. बाई माणूस सोबत असेल तर घरातल्या बायका अंगणातच झोपा म्हणून आग्रह करतील.

मेंढरांचा वाडा दिसला तर लांबूनच हाक मारा, सरळ चालत जाऊ नका. इकडे लांडगा आहे, त्यामुळे धनगरांची कुत्री रात्री कुणालाही जवळ येऊ देत नाहीत.

कृष्णाकाठची (सांगली)

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काका, रुळांचा विचार कायमचा सोडला. सांगलीत आमच्या घराजवळून रेल्वे जाते, लहानपणी आम्ही रूळ ओलांडूनच शाळेला जायचो, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. भाच्याला तुमचा प्रसंग वाचून दाखवला. दादा, शेगडीसुद्धा आणत नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या पोळ्या, दोन दिवस पुरतात.

एक विचारायचं राहिलं. कड्याच्या काठाने जाणारी वाट सलग आहे का?

फलटणचा मास्तर

सलग नाही. मध्ये घळी आहेत, प्रत्येक घळीला आत वळसा घालावा लागतो. नकाशावरचे पंचवीस पायाखाली तीसच्या वर धरा. गुरांच्या वाटा पुष्कळ फुटतात आणि त्यातल्या निम्म्या पाणवठ्याला जाऊन संपतात. जी वाट एका वाडीतून दुसऱ्या वाडीला जाते तीच धरा, वाडीत पुढच्या वाडीचं नाव विचारा. फोनवर नकाशा उतरवून ठेवा, घळीत रेंज जाते.

कृष्णाकाठची (सांगली)

जाऊन आलो. संक्रांतीनंतरच्या शनिवारी निघालो, रविवारी दुपारी आदर्की.

संतोषगड सकाळीच उरकला. टाक्याच्या पायऱ्या खरंच निसरड्या, भाचा माझा हात धरून उतरला. नंतरची चाल मला जड गेली. घळींचे वळसे संपेचनात, दुपारी तीनपर्यंत निम्मंही अंतर कापलं नव्हतं. पाणी मात्र पुरलं, चार लिटर सांगितले नसते तर कठीण होतं.

साडेपाचला एका वस्तीवर विचारलं. आजीबाई उंबऱ्यात बसून पावटा सोलत होत्या. मुक्काम करू का म्हटल्यावर त्यांनी आधी कुणाच्या तुम्ही असं विचारलं. मी माझ्या आजीच्या माहेरचं आडनाव सांगितलं. त्यांनी दोन पिढ्या मागे जाऊन कुठली शाखा ते विचारलं, मला सांगता आलं नाही. तंबू गंजीच्या आडोशालाच लावला. बाजरीची भाकरी, पावट्याची आमटी आणि वर लोण्याचा गोळा. थंडी इतकी की पहाटे तंबू आतून ओला झाला होता. रात्री दोनदा खालून, फार लांबून, गाडी गेल्याचा आवाज आला. भाचा जागा होता. तो म्हणाला, मावशी, काका आता यातल्या कुठल्या वळणावर चालत असते?

उतरताना आधी तारा दिसल्या, मग स्टेशन. मास्तरांना सगळं सांगितलं, त्यांनी पाणी दिलं. गाडीला पावणेदोन तास होते. आजी कुठून बाहेर पडत असेल ते मी शोधत राहिले. तेव्हाचं फाटक, तेव्हाची वाट काही उरलेलं दिसत नाही. ब्रॉडगेज झाली, आता दुसरी लाइन आली, माती इकडची तिकडे गेली. पण स्टेशनच्या खालच्या अंगाला, बाभळींच्या मधून, एक पायवाट डोंगराच्या कुशीने सालपेच्या दिशेला जाताना दिसली. वेळ नव्हता म्हणून शंभर पावलं जाऊन परत फिरलो.

कीमनकाका, ती वाट कुठे उतरते? तुमच्या वेळी तिथून कुणी कंदील घेऊन येत असे का?

जुना कीमन (कोरेगाव)

येत असत. ती बाजाराची वाट, खालच्या वाड्यांची माणसं त्याच वाटेने गाडीला यायची. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला संध्याकाळच्या पॅसेंजरला चार-पाच कंदील तरी फलाटाच्या टोकाशी उभे दिसायचे. गाडी हलली की एकामागे एक खाली जायचे.

मध्ये ओढा आहे, पावसाळ्यात तिथली वाट वाहून जायची, आता कशी आहे ते बघायला हवं. फेब्रुवारीत माझे गुडघे बरे असले तर मी कोरेगावहून येतो. तुम्ही सकाळच्या पॅसेंजरने आदर्कीला उतरा. ओढ्यापर्यंत मी दाखवतो, पुढची उतरंड भाच्याने बघावी. आजीच्या माहेरचं गाव कोणतं ते कळवा, म्हणजे कुठल्या फाट्याला वळायचं ते आधी विचारून ठेवतो.