फ्राया फहोन: शपथ मोडणारा सरदार की शब्द पाळणारा सेनापती?

लांबचा_रस्ता:
कामानिमित्त दोन वर्षं बँकॉकला होतो, रोज फहोनयोथिन रोडवरून जाणं-येणं. विजयस्तंभापासून निघतो तो थेट उत्तरेला म्यानमारच्या सीमेवरच्या मे साईपर्यंत जातो, जवळपास 1000 किलोमीटर. एवढा मोठा रस्ता ज्याच्या नावाचा तो कोण म्हणून वाचायला लागलो आणि त्या माणसाने मला सोडलंच नाही.

फोत फहोनयोथिन, जन्म 1887, वडीलही लष्करात. मुलगा शिकायला जर्मनीला गेला, प्रशियन लष्करी शिक्षण घेऊन परत आला, तोफखान्यात चढत चढत कर्नल झाला आणि 1931 ला राजाने त्याला 'फ्राया फहोन फोनफयुहसेना' ही पदवी दिली. थाई उच्चारावर जाऊ नका, अक्षरं बघा, बहल-बल-व्यूह-सेना, अख्खं नाव आपल्याला कळतं! आणि त्यानंतर वर्षभरातच, 24 जून 1932 ला, याच माणसाने पहाटे राजवाड्यासमोरच्या चौकात चिलखती गाडीवर उभं राहून जाहीरनामा वाचला की राजाची अनियंत्रित सत्ता संपली.

पुढे पाच वर्षांच्या वर पंतप्रधान होता. आणि 1947 ला वारला तेव्हा घरात अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते, खर्च सरकारला करावा लागला असं सांगतात. लष्करातून सत्तेवर आलेले किती लोक असे गेले? माझं मत सरळ आहे, त्या शतकातल्या थायलंडच्या सेनापतींमध्ये सगळ्यात स्वच्छ माणूस हाच. तुम्हाला काय वाटतं?

नाणेघाट:
धागा चांगला काढलात पण मला अजिबात पटलं नाही. स्वच्छ म्हणजे खिसा स्वच्छ एवढंच का? ज्या राजाने पदवी दिली, ज्याच्या नावाने शपथ घेतली, त्याच्याच विरुद्ध वर्षभरात उभा राहिलात. आणि कसं? सैनिकांना खरं न सांगता! त्या पहाटे चौकात आलेल्या बहुतेक शिपायांना आपण कशासाठी आलोय हे माहीत नव्हतं, त्यांना कवायत आहे वगैरे सांगून बाहेर काढलेलं. राजा प्रजाधिपोक तेव्हा हुआ हिनला समुद्रकाठच्या वाड्यात. म्हणजे मालक घरी नसताना कुलूप तोडलं. हे शब्दशः म्हणतोय, घोडदळाच्या छावणीतल्या शस्त्रागाराचं कुलूप फ्राया फहोननेच तोडलं होतं.

लांबचा_रस्ता:
@नाणेघाट, कवायतीची युक्ती कटातल्याच दुसऱ्या अधिकाऱ्याची, फ्राया सोंगसुरादेतची होती, पूर्ण आखणीच त्याची. पण मान्य, फहोन त्यात सामील होता, नेता म्हणून त्याचंच नाव पुढे होतं.

शपथेचं मात्र वेगळं बघा. शपथ राजाला की देशाला हाच तर त्या पिढीचा प्रश्न होता. वरच्या जागा राजघराण्यातल्या लोकांकडे, मंदीत पगार आणि नोकऱ्या कापल्या गेल्या त्या साध्या घरातल्या अधिकाऱ्यांच्या, आणि हे लोक युरोपात शिकून आलेले, तिथे संसद कशी चालते ते डोळ्यांनी बघितलेलं. आणि एक गोष्ट विसरू नका, राजाला ठार मारलं नाही, हाकललं नाही, राजेपद ठेवूनच राज्यघटना मागितली आणि राजाने ती मान्य केली. काही दिवसांतच तात्पुरती घटना आली आणि 10 डिसेंबरला कायमची.

पदरचं_पान:
मी जरा पदवीबद्दल लिहिते कारण 'सरदार' म्हटलं की आपल्या डोक्यात वतनदार येतो. आपल्याकडे सेनासाहेब सुभा, सेनाखासखेल या पदव्या घराण्यात राहिल्या, बापाची मुलाला. सयाममध्ये (थायलंडचं तेव्हाचं नाव) तसं नव्हतं. खुन, लुआंग, फ्रा, फ्राया, चाओफ्राया अशा चढत्या पायऱ्या, राजा द्यायचा आणि त्या त्या माणसापुरत्याच असायच्या. बढती झाली की माणसाचं नावच बदलायचं. म्हणून फ्राया फहोन हा जन्माने उमराव नाही, नोकरीने आहे. सरकारी अधिकारीच, फक्त नाव संस्कृत-पालीत. क्रांतीतला दुसरा लष्करी अधिकारी फिबुनसोंगख्राम (फिबुन), त्याचं नाव म्हणजे विपुल-संग्राम, आणि क्रांतीतला कायदेपंडित प्रीदी, त्याच्या पदवीत मनु आणि धर्म दोन्ही आहेत. त्यामुळे 'राजाच्या मिठाला जागला नाही' हा आरोप मला थोडा चुकीच्या जागी बसवल्यासारखा वाटतो, तो पगार राज्याच्या तिजोरीतून घेत होता.

नाणेघाट:
@पदरचं_पान, माहिती छान दिलीत ताई, पण राज्याची तिजोरी आणि राजाची तिजोरी तेव्हा लोकांच्या मनात वेगळी होती का? असो, शपथ बाजूला ठेवतो. माझा खरा मुद्दा 1933 चा आहे आणि तो कुणी काढतच नाहीये.

20 जून 1933. पंतप्रधान फ्राया मानोपकोन, त्याने एप्रिलमध्ये संसद बंद केली, प्रीदीवर साम्यवादी असल्याचा शिक्का मारून त्याला फ्रान्सला घालवलं. हे वाईटच, वाद नाही. पण उपाय काय केला? फहोनने रणगाडे नाही काढले हे खरं, रक्त सांडलं नाही हेही खरं, तरी सैन्याच्या जोरावर निवडलेलं-नेमलेलं जे काही सरकार होतं ते घालवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पंतप्रधान झाला. 1932 ला निदान राजवट बदलत होती. 1933 ला मात्र घटना असतानाही सरकार सैन्याने बदलायचं हा पायंडा पडला. नंतर 1947, 1957, 1976, 1991, 2006, 2014... थायलंडमध्ये प्रत्येक वेळी सेनापती येऊन म्हणतो की देश वाचवायला आलोय. पहिल्यांदा म्हणणारा हाच होता.

तोफखाना_निवृत्त:
मी स्वतः फौजेत होतो म्हणून एवढंच लिहितो. सैनिकाने राजकारणात पाऊल टाकू नये हे आमच्या हाडात भिनवलेलं असतं, आणि नाणेघाट यांचं म्हणणं त्या दृष्टीने मला बरोबर वाटतं. पण 1933 चा ऑक्टोबरही बघा. राजपुत्र बोवोरादेत, माजी संरक्षणमंत्री, ईशान्येकडच्या कोराटहून फौज घेऊन निघाला, डॉन मुआंगचा विमानतळ घेतला आणि सरकारला निर्वाणीचा इशारा दिला. बँकॉकच्या उत्तरेला बांग खेनला लढाई झाली, फिबुनच्या हाताखालच्या तोफांनी बंड मोडलं. त्या दिवसांत फहोन डगमगला असता तर 1932 चं सगळं दीड वर्षाच्या आतच पुसलं गेलं असतं. डोकं शांत ठेवणारा पंतप्रधान होता एवढं श्रेय द्याच.

फक्त, बंड मोडल्यावर फिबुन मोठा झाला. तेही त्याच तोफांनी.

कागदोपत्री:
खिसा स्वच्छ म्हणताय तर 1937 विसरलात का? राजाच्या खासगी मालमत्तेतल्या जमिनी सरकारी माणसांना आणि मंत्र्यांना स्वस्तात विकल्या गेल्या, संसदेत प्रश्न उठला, प्रचंड गाजलं. हे फहोनच्याच सरकारात.

लांबचा_रस्ता:
@कागदोपत्री, बरं झालं काढलंत, कारण माझं मत बनलं ते नेमकं याच्यावरून. प्रश्न उठल्यावर त्याने राजीनामा दिला. परत नेमला गेला ते वेगळं, पण दिला. त्याआधी 1934 ला रबराच्या उत्पादनावर मर्यादा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर संसदेत हरला तेव्हाही राजीनामा दिला होता. आता विचार करा, सैन्य हातात असलेला माणूस, रबराच्या कोट्यावर मतदानात हरतो आणि पायउतार होतो! कुणी विचारलं असतं त्याला? अर्धे सभासद तर सरकारनेच नेमलेले. तरी संसद म्हणाली नाही, म्हणजे नाही. 1938 ला परत अर्थसंकल्पाच्या प्रश्नावर हरला, सभा विसर्जित केली, निवडणूक झाली आणि मग म्हणाला, आता मी नको.

पायंडा पायंडा म्हणताय ना, हाही एक पायंडा होता. पुढच्यांनी तो उचलला नाही हा दोष त्याचा कसा?

आणि त्याच काळात धम्मसात विद्यापीठ निघालं, 1933 ला पहिली निवडणूक झाली (अप्रत्यक्ष होती, पण बायकांनाही मत होतं), 1937 ला थेट निवडणूक, आणि युरोपियन देशांबरोबरचे जुने अपमानास्पद करार बदलून घेतले. प्रीदीने केलं म्हणाल, पण फ्रान्सहून प्रीदीला परत आणलं कुणी?

नाणेघाट:
राजीनाम्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, ते वजनदार आहे, मान्य करतो. पण शेवटचं 'आता मी नको' ऐकून माझा जीव वर येतो. कारण खुर्ची कुणाला मिळाली? फिबुनला! 1934 पासून संरक्षणमंत्री तो, 1938 मध्ये लष्करप्रमुखपदही फहोनकडून त्याच्याकडेच गेलं, मग पंतप्रधानपद. वर्षभरात कटाच्या आरोपावरून 18 माणसं गोळ्या घालून मारली. सोंगसुरादेत, ज्याने 24 जूनची आखणी केली, तो देशाबाहेर हाकलला गेला आणि 1944 ला कंबोडियात वारला. प्रामाणिक माणूस दार उघडं टाकून घरी गेला तर आत कोण शिरेल याची जबाबदारी त्याची नाही का?

तोफखाना_निवृत्त:
@नाणेघाट, हा तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा. उत्तर माझ्याकडे नाही. थांबला असता तर सत्तेला चिकटला म्हणालो असतो.

पदरचं_पान:
मला एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं. जिथे उभं राहून त्याने जाहीरनामा वाचला तिथे 1936 ला पितळी फलक बसवला होता, बसवला त्यानेच. लोक त्याच्यावरून चालायचे, गाड्या जायच्या. एप्रिल 2017 ला तो फलक गायब झाला आणि जागी दुसराच बसला. 2018 च्या डिसेंबरात बांग खेनच्या लढाईचं स्मारक रात्रीतून नाहीसं झालं. 2020 ला लोपबुरीच्या तोफखाना केंद्रातला त्याचा पुतळा काढला. तुम्ही त्याला गद्दार म्हणा की देशभक्त म्हणा, पण वाद घालायला तो माणूस समोर दिसायला तर हवा.

नाणेघाट:
@पदरचं_पान, याला माझा पूर्ण पाठिंबा. पुतळा काढण्याच्या बाजूने मी कधीच नाही, माझं भांडण त्याच्याशी आहे, त्याच्या आठवणीशी नाही.

लांबचा_रस्ता:
रस्त्याचं नाव अजून तेच आहे, मेट्रो स्टेशनचंही. बांग खेनच्या लढाईच्या जागेजवळच वात फ्रा सी महाथात नावाचा विहार आहे, 1942 ला तिथे पहिली दीक्षा घेतली ती फहोननेच. त्यानंतर पुन्हा वर्दीत आला, 1944 ला फिबुन पडल्यावर त्यालाच परत लष्करप्रमुख केलं. जाणार असाल तर हिरव्या लाईनवर त्या विहाराच्याच नावाच्या स्टेशनला उतरा, स्मारक होतं तो चौक चालत जाण्यासारखा आहे.